मेलमध्ये सगळं बरोबर होतं

मार्चअखेरीला आमच्या अकाउंट्समध्ये कुणी मान वर करत नाही. त्यात हल्ली आयकर कायद्यातल्या 43बी(एच) कलमाची भर. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या कारखानदाराचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं केलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरावा लागतो. त्यामुळे रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मार्चचा शेवटचा आठवडा म्हणजे नुसती आरटीजीएसची रांग.

त्या रांगेत भोसरीच्या एका कास्टिंगवाल्यांचं सव्वाअकरा लाखांचं बिल होतं. कित्येक वर्षांचा व्यवहार. सकाळी त्यांचा मेल आला: ऑडिटमुळे जुनं खातं तात्पुरतं बंद आहे, पैसे नव्या खात्यात टाका, 45 दिवस आज भरतात. सोबत लेटरहेडवरचं पत्र, शिक्का, सही, कॅन्सल्ड चेक. पीओचा, म्हणजे आमच्या खरेदी ऑर्डरचा, नंबर बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर, आणि खाली आमचाच गेल्या पंधरवड्याचा पत्रव्यवहार जसाच्या तसा.

पेमेंट बघणारी मुलगी म्हणाली, "सर, वेंडर मास्टरमध्ये खातं बदलून घेऊ? दुपारी मोठे साहेब विमानात असतील, मग चेकर म्हणून मंजुरी कोण देणार?"

मला खटकलं ते वेगळंच. भोसरीचे अकाउंट्सचे काका असा मेल लिहीतच नाहीत. ते आधी फोन करतात, पावसापाण्याची चौकशी करतात, आणि मग "मेल टाकलाय बघा" म्हणतात. मेलमध्ये एक ओळ, तीही अर्धी मराठी. हा मेल मात्र अस्खलित इंग्रजीत, सुबक परिच्छेद पाडून. चुकीचं इंग्रजी दिसलं की सावध व्हा, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. हल्ली चोरांचं इंग्रजी आमच्यापेक्षा चांगलं असतं!

मोबाइलवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसत होतं. कॉम्प्युटरवर पूर्ण पत्ता उघडून, अक्षरं मोठी करून बघितली. त्यांच्या डोमेनमधल्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागातल्या, इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवले होते; पटकन बघितलं तर 'एम'च वाटावा. सीसीमध्ये आमच्या परचेस मॅनेजरचं नाव होतं, पण पत्ता तोही नकली. म्हणजे 'रिप्लाय ऑल' केलं असतं तरी खऱ्या माणसाला काही कळलं नसतं, आणि आम्हाला वाटलं असतं की सगळ्यांना कळवलंय. या कारागिरीला मी मनातल्या मनात दाद दिली, खोटं कशाला बोलू.

आमच्या आयटीच्या पोराने हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची तांत्रिक नोंद, उघडला. मेल कुठून आला हे बघणाऱ्या तिन्ही तपासण्या ठीक: एसपीएफ पास, डीकिम पास, डीमार्क पास. मुलगी म्हणाली, "मग खराच आहे की!" तो म्हणाला, पास होणारच. मेल त्या डोमेनवरूनच आलाय एवढंच हे सांगतात, आणि ते डोमेन चोराने रीतसर विकत घेतलंय. स्वतःच्या घराची किल्ली स्वतःच्याच कुलपाला लागली, त्यात नवल काय?

बँकेच्या पोर्टलवर नवं खातं टाकून नाव तपासलं. आरटीजीएस, एनईएफटीला पूर्वी नाव जुळतंय का हे कुणी बघत नसे, पैसे नुसत्या खाते क्रमांकावर जायचे. रिझर्व्ह बँकेने 2025 च्या एप्रिलपासून पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांना करायला लावली. नाव आलं ते कुठल्याशा ट्रेडर्सचं. शाखाही भोसरीपासून दोन राज्यं पलीकडची.

मग काकांना फोन. मेलखाली एक मोबाइल नंबर होता, तो मी लावला नाही. आमच्या जुन्या पीओ फाइलमधला लँडलाइन लावला.

"काका, खातं बदललंत?"

"कुठलं खातं? वीस वर्षं एकच शाखा आहे आमची. तुम्ही पैसे सोडताय ना आज?"

मी मेल वाचून दाखवला. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "थांबा, शेठला बोलावतो."

संध्याकाळी त्यांच्याकडून कळलं. काकांच्याच मेलबॉक्सचा पासवर्ड कधीतरी चोरीला गेला होता. कुणीतरी आत शिरून नियम लावून ठेवला होता: मेलमध्ये 'पेमेंट' किंवा 'इनव्हॉइस' आलं की एक प्रत बाहेरच्या पत्त्यावर जायची आणि मूळ मेल आरएसएस फीड्सच्या फोल्डरमध्ये, जिथे कुणी कधी बघत नाही. आमचा पत्रव्यवहार तिथूनच वाचला गेला होता. नुसता पासवर्ड बदलून भागलं नसतं, नियम चालूच राहिला असता. तो आमच्या पोरानेच फोनवरून त्यांना शोधून काढायला लावला.

आमचे पैसे त्याच दिवशी जुन्या खात्यात गेले, पंचेचाळिसावा दिवस न चुकवता. त्यांच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने मात्र आदल्या दिवशीच रक्कम नव्या खात्यात टाकली होती. शेठने मला विचारलं, आता काय करायचं? म्हटलं, ज्यांनी पैसे पाठवले त्यांना आत्ताच्या आत्ता 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावायला सांगा आणि बँकेला कळवायला सांगा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवले तरच हाती लागतात. तुम्ही बाकीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करा, मेल नको.

काका रात्री उशिरापर्यंत फोन करत बसले होते म्हणे.