काट्याने खरवडलेलं गाव

ग्रीक बेट म्हटलं की पांढरी घरं नि निळे घुमट. खिऑस बेटाच्या दक्षिणेकडच्या पिर्गीत यातलं काही नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही. इथल्या भिंती खालपासून वरपर्यंत काळ्या-पांढऱ्या नक्षीने गच्च भरलेल्या: त्रिकोण, चौकटी, वर्तुळं, फुलं. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन पावलं मागे सरून बघायची सोय नाही. आधी तर गरगरलंच.

मग एका घराचं काम चाललेलं दिसलं आणि माझी दुपार तिथेच गेली. आधी चुना आणि काळसर वाळूचा गिलावा. त्यावर चुन्याचा पांढरा हात. तो ओला आहे तोवर रेघा आखायच्या आणि चक्क जेवणाच्या काट्याने मधला चुना खरवडून काढायचा, की खालचा काळा वर येतो. या कामाला ‘क्सिस्ता’ म्हणतात. परांचीवरचे आजोबा एका दमात त्रिकोणांची ओळ संपवत होते. तेवढ्यात पर्यटकांचा घोळका आला. एकाने टाळ्या वाजवून त्यांना कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. आजोबांनी मान वळवली नाही. चुना वाळला तर सगळं मुसळ केरात, हे टाळ्या वाजवणाऱ्याला कोण सांगणार? मला मात्र फार बरं वाटलं.

समोरच्या दारात एक आजी मांडीवर ताट घेऊन मस्तकी निवडत होत्या, तांदळातले खडे काढावेत तशा. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी मिळते, तीच ही. उन्हाळ्यात झाडाच्या सालीला चिरा देतात, खाली पांढरी माती पसरतात, थेंब पडून सुकतात. या डिंकाच्या पैशावर इटलीतल्या जिनोआच्या लोकांचा डोळा. 1346 ते 1566 बेट त्यांच्याच ताब्यात होतं. चाच्यांपासून माल वाचवायला त्यांनी ही गावं किल्ल्यासारखी बांधली: मधोमध बुरूज, आणि कडेच्या घरांच्या बिनखिडक्यांच्या पाठी म्हणजेच गावाचा तट.

आजींनी हाताला धरून बसवलं. गार पाण्याच्या पेल्यात चमचा, चमच्यावर मस्तकीचा पांढरा घट्ट गोळा. याला इथे ‘पाणबुडी’ म्हणतात. चमचा चाटायचा, मग ते पाणी प्यायचं. देवदाराच्या लाकडाचा वास आणि दात शिवशिवतील इतकं गोड. पण आजी तोंडाकडे टक लावून बसलेल्या, त्यामुळे चमचा लख्ख केला. पैसे काढले तर रागावल्या.

यातलंच दुसरं गाव, मेस्ता, दुसऱ्या दिवशी पाहिलं. दगडी, कमानींनी झाकलेल्या गल्ल्या, घराला घर चिकटलेलं. सुंदर आहे, पण जरा फारच आवरून ठेवल्यासारखं. पिर्गीत एवढ्या नक्षीवरही टोमॅटोच्या माळा नि धुतलेल्या चादरी बिनदिक्कत लोंबत होत्या. पुन्हा गेले तर मुक्काम तिथेच.