जालना ते मुल्की: सर्फबोर्ड, वाकळ आणि दाभण

जालन्यात सर्फबोर्ड असलेला बहुतेक मी एकटाच असेन. मंगळूरला तीन वर्षं नोकरी केली, तिथून समुद्राच्या लाटांवर सर्फिंग करायचं गाव मुल्की तीसेक किलोमीटर, दर रविवारी तिकडंच पडीक, आणि परत येताना सहा फूट चार इंचाचा सेकंडहँड बोर्ड उचलून आणला. दोन वर्षं तो दिवाणाखाली पडून होता. आई त्याला फळी म्हणते. शेजारच्या काकूंनी एकदा पापड वाळवायला मागितला होता, दिलाही असता, पण वरून पाय घसरू नये म्हणून लावलेल्या मेणाचा थर होता.

यंदा एप्रिलमध्ये आठ दिवसांची सुट्टी जमली. जूनमध्ये पाऊस लागला की तिकडचा समुद्र आमच्यासारख्या कच्च्या लोकांच्या कामाचा राहत नाही, म्हणून आत्ताच जायचं ठरलं. आणि या वेळी बोर्ड नीट न्यायचा हे पण ठरलं, कारण आणताना मी लई मोठा गाढवपणा केला होता, खालच्या तिन्ही फिन, म्हणजे माशासारखे पंख, न काढताच बॅग चेक-इनला दिली. बॅग आदळली की सगळा मार त्या फिनवर बसतो आणि फिन ज्या खाचेत बसवलेली असते ती खाच तडकते. माझ्या बोर्डाची एका बाजूची तडकली. ती बुजवायला जालन्यात कूलर-टाक्यांचं फायबरकाम करणाऱ्याकडं गेलो तर तो लगेच डबा उघडून बसला, नशीब मी डब्यावरचं वाचलं. ते पॉलिएस्टर रेझिन होतं आणि माझ्या बोर्डाच्या आत थर्माकोलच्या जातीचा फोम आहे, त्याला ते लागलं की फोम विरघळतो. असल्या बोर्डाला इपॉक्सीच लागतं. ज्यांचा बोर्ड पॉलियुरेथेनचा आहे त्यांना ते रेझिन चालतं, पण आपला कुठला आहे हे आधी माहीत करून घ्या.

तिकिटाआधी कस्टमर केअरला फोन केला. बोर्डाची लांबी १९३ सेंटीमीटर, बॅगेसकट दोन मीटरच्या वर. तिकडच्या ताईंनी आधी विमान कुठलं ते विचारलं, छोटं पंख्याचं असेल तर एवढं लांब सामान बसेलच असं नाही म्हणाल्या. म्हणून हैदराबादवरून जायचा विचार सोडला आणि मुंबईवरून मोठ्या जेट विमानाचं तिकीट काढलं, बोर्ड स्पोर्ट्स इक्विपमेंट म्हणून आधीच नोंदवला. हे काऊंटरवर जाऊन बघू म्हणणाऱ्यांनी आपापल्या जबाबदारीवर बघावं.

मग मेण काढलं. बेचाळीस डिग्रीत त्याला काही करावंच लागत नाही, गच्चीवर दहा मिनिटं ठेवलं की लोण्यासारखं मऊ होतं, जुन्या एटीएम कार्डानं खरवडायचं. आई मदतीला लोखंडी उलथनं घेऊन आली, तिला हात जोडून खाली पाठवलं. दहा मिनिटं म्हणजे दहाच बरं का, बोर्ड उन्हात विसरला तर आतली हवा फुगते आणि वरचा थर फोमपासून सुटतो, फोड आल्यासारखं होतं. त्यासाठीच माझ्या बोर्डाला हवेचा एक छोटा स्क्रू आहे, नाण्यानं फिरतो. प्रवासात आणि उन्हात तो सैल ठेवायचा. पाण्यात उतरायच्या आधी मात्र आठवणीनं घट्ट करायचा, नाहीतर बोर्ड आतून पाणी पितो. बऱ्याच नवीन बोर्डांना आपोआप श्वास घेणारा स्क्रू येतो, त्यांना हा ताप नाही.

पॅकिंगचं सामान सगळं जालन्यातच मिळालं. एसीच्या कॉपर पाईपवर घालतात ती काळी फोमची नळी असते ना, ती घेतली, लांबीच्या बाजूनं एक चिरा दिला आणि बोर्डाच्या दोन्ही कडांवर चढवली. एवढी फिट बसली की जणू त्यासाठीच केलीय. टोकाला आणि शेपटीला पुठ्ठ्याची टोपी करून आत टॉवेल कोंबला, कारण लोडर लोक बोर्ड उभा करून शेपटीवर टेकवतात, फ्रॅजाईलचा स्टिकर लावला तरी टेकवतातच. लीश, म्हणजे पायाला बांधायची दोरी, सोडून वेगळी ठेवली, खाली राहिली तर तिचा कडक भाग दाबून खड्डा पाडतो. फिन मोज्यांत गुंडाळल्या. आणि मधे आईनं दिलेली वाकळ. बबल रॅप आणलं होतं पण आई म्हणाली कामून पैसे घालवू लागलास, वाकळ घे. आजीच्या नऊवारीची, चांगली बोटभर जाड. सगळं धरून वजन साडेअकरा किलो भरलं.

आता बॅगेची चेन. खाऱ्या हवेनं तिचे दात गंजलेले, अर्ध्यावर येऊन अडकली ती अडकलीच. मेणबत्ती घासली, खोबरेल लावलं, काही नाही. काका म्हणाले आण मोंढ्यात. त्यांच्या आडतीवरच्या हमालमामांनी दाभणात सुतळी ओवली आणि पोत्याचं तोंड शिवावं तशी पाच मिनिटांत बॅग शिवून टाकली. शिवायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, "हे मधी कुठं उघडायचं हाय का? तसं असलं तर वढली की सुटंल अशी गाठ मारतो." मी म्हटलं नाही मामा, पक्कं शिवा.

विमानतळ छत्रपती संभाजीनगरचं, आमच्या जालना रोडवरच, चिकलठाण्याला. काकांच्या गाडीत मागची सीट पाडून बोर्ड आत घेतला, टपावर बांधू दिला नाही. काऊंटरवर सगळं नीट झालं, ओव्हरसाईज म्हणून बॅग वेगळ्या मशीनवर गेली आणि तिथला साहेब स्क्रीनकडं बघतच बसला. काळ्या नळ्या, त्यात वाकळीचे थर, मोज्यांत काहीतरी टोकदार. "ये क्या है? इस्त्री का टेबल?" मी मोबाईलवर लाटेवरचा फोटो दाखवला. फोटो आवडला त्याला. "अच्छा है, अब खोलो."

मामांची शिलाई. नखानं उकलेना, दातानं उकलेना, आणि कात्री-सुरी विमानतळावर कोण बाळगणार. मागं एक कुटुंब ट्रॉली घेऊन उभं, त्यातलं लेकरू मोठ्यानं विचारतंय आत कोण आहे. शेवटी एका लोडरनं किल्लीच्या दातानं सुतळी एकेक टाका घासून तोडली, पंधरा-वीस मिनिटं गेली. साहेबांनी वाकळ उचलून बघितली, फिन हातात घेऊन बघितली, ओके म्हणाले. आता बंद कशानं करायची? सॅकमधून लीश काढली, बॅगेला आडवे तीन वेढे दिले आणि तिचा वेल्क्रोचा पट्टा स्वतःवरच चिकटवून टाकला. तशीच गेली मुंबईमार्गे मंगळूरला.

तिथं बेल्टवर शेवटून दुसरी आली, शेपटीची टोपी चेपलेली. उघडून बघितलं, बोर्डाला ओरखडासुद्धा नाही.

मुल्कीला पोचून फिन लावायला बसलो तर त्यांची किल्ली जालन्यात, मिसळणाच्या डब्याशेजारी. सहा कोनांची बारकी किल्ली असते, ३/३२ इंची. सायकलच्या दुकानातून पाना आणला तर २.५ मिलिमीटरचा जाईना आणि २ चा नुसताच फिरतो, इंचाची आणि मिलिमीटरची सोयरीक जमत नाही. सर्फ स्कूलच्या पोरानं त्याची दिली, पण परत दे असं तीनदा सांगून.

संध्याकाळी घरी फोन केला. सगळं सांगितलं, सुतळीचं, साहेबाचं, बोर्डाला काहीच झालं नाही ते. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते राहू दे. वाकळ वल्ली नाही ना केलीस?"