आमची वाटचाल : आमचं सेटअप आम्हीच लिहितो

नवी मुंबईत महापे एमआयडीसीत आमचा गाळा आहे. वजनकाट्याच्या इंडिकेटरमधून (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्यातून) संगणकाच्या सिरियल पोर्टवर येणारं वजन वाचणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरने वापरायचा तयार कोड, आम्ही बनवतो. तळोज्यात, तुर्भ्यात, कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक तोलून जी पावती फाडली जाते, तिच्यामागे बऱ्याच काट्यांवर आमची डीएलएल, म्हणजे त्याच लायब्ररीची फाइल, असते. पावतीवर नाव सॉफ्टवेअरवाल्याचं असतं आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे, ती पुढे येईलच.

बॉड रेट, म्हणजे पोर्टवर डेटा येण्याचा वेग, जुळवून वजन वाचणं हे कॉलेजातून नुकताच आलेला मुलगाही आठवड्यात शिकतो. ती लायब्ररी परक्या मशीनवर धड बसवणं आणि काढताना बाकी काही न मोडता काढणं, ही खरी कारागिरी. सुरुवातीला आम्ही व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) या प्रोग्रामिंगच्या साधनासोबत येणारा पॅकेज अँड डिप्लॉयमेंट विझार्ड वापरायचो. मग सेटअप, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा आणि काढणारा प्रोग्राम, बनवायचं इनो सेटअप हे साधन हाती आलं आणि आजतागायत सोडलेलं नाही. जॉर्डन रसेल यांनी १९९७ मध्ये ते आणलं, तेही मोफत. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये स्क्रिप्ट लिहायची. फाइल्सच्या भागात कुठली फाइल कुठे जाणार, रनच्या भागात शेवटी काय चालवायचं, आणि त्याने भागलं नाही तर कोडच्या भागात पास्कल भाषेत लिहायचं. मशीनवर आधीपासून असलेली फाइल आपल्यापेक्षा नव्या व्हर्जनची असेल, तर इनो तिला हात लावत नाही. ‘इग्नोअरव्हर्जन’ असं आपण स्वतःहून लिहिलं तरच ही तपासणी बंद होते. आमच्या स्क्रिप्टमध्ये सामायिक, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा, फाइलपुढे तो शब्द कधीच नव्हता.

एक कंपनी आमची लायब्ररी लायसन्सवर घेऊन आपल्या बिलिंगमध्ये वापरत होती. नाव घेत नाही. या धंद्यातल्यांना ते माहीत आहे. त्यांनी लायसन्सचं नूतनीकरण थांबवलं आणि स्वतःच काट्याचं सॉफ्टवेअर विकायला काढलं. विकेनात का, बाजार मोठा आहे. पण त्यांच्या सीडीत आमचीच जुनी डीएलएल होती.

त्यानंतर आमचे फोन वाजू लागले. काटा बंद, पावती निघत नाही, स्क्रीनवर एरर ४३८ (मागितलेलं काम त्या लायब्ररीत नाही). मशीन सुरू करून बघावं तर आमची नवी फाइल गायब आणि तिच्या जागी दोन व्हर्जन मागची. ज्या यार्डात त्या कंपनीचं बिलिंग बसलं होतं, तिथे तिथे हेच. त्यांची सीडी उघडून पाहिली तर सेटअप म्हणून एक बॅच फाइल, म्हणजे कमांडची साधी यादी. ‘कॉपी’ला /वाय (न विचारता जुनीवर लिही) लावून डीएलएल थेट सिस्टम३२ या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, आणि ‘रेगएसव्हीआर३२’ला /एस लावून विंडोजच्या रजिस्ट्रीत (नोंदवहीत) गुपचूप रजिस्टर. आधी काय आहे ते विचारायचं नाही, फाइल किती प्रोग्राम वापरतात तो शेअर्ड डीएलएलच्या नोंदीतला आकडा वाढवायचा नाही. उलट त्यांचं सॉफ्टवेअर काढलं की आमची फाइलही पुसली जायची.

गिऱ्हाइकाला हे कोण समजावणार? गेटवर ट्रकांची रांग, ड्रायव्हर शिव्या घालतोय, आणि एररवर नाव आमच्या लायब्ररीचं. वार्षिक देखभालीचे चेक थांबले. दोन चांगली मुलं सोडून गेली. गाळा सोडून मी कोपरखैरण्याच्या घरातल्या हॉलमध्ये टेबल मांडलं.

त्या दिवसांत कळंबोलीचे एक काटेवाले काका पाठीशी उभे राहिले. त्यांचाही काटा बंद पडला होता. ते म्हणाले, “पावत्या मी इंडिकेटर बघून हाताने लिहितो. तुम्ही मशीन घेऊन बसा, पण हे पुन्हा होता कामा नये.” रात्रपाळीला त्यांच्या केबिनमध्ये बसून आम्ही सेटअप नव्याने लिहिलं. डीएलएल सिस्टम३२ मधून काढून प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आणली आणि सोबत मॅनिफेस्ट, म्हणजे कुठली लायब्ररी वापरायची ते सांगणारी फाइल, दिलं. विंडोज एक्सपीपासून ही सोय आहे. रजिस्ट्रीत नोंद न करताही आमच्यासारखी कॉम लायब्ररी (विंडोजमध्ये एरवी रजिस्टर करावी लागणारी) चालते. मग त्यांच्याच मशीनवर त्या कंपनीची सीडी लावून पाहिली. त्यांची जुनी फाइल सिस्टम३२ मध्ये जाऊन बसली आणि आमचा काटा चालत राहिला! काकांनी पुढच्या वर्षाचा चेक तिथेच फाडला आणि शेजारच्या काट्यांवर स्वतः फोन केले.

पुढे ६४ बिट विंडोज आलं. त्यात ३२ बिटच्या फाइलींची जागा सिसवॉव६४, आणि ६४ बिटच्या फाइली सिस्टम३२ मध्ये. नावं उलटी वाटतात पण आहे तसंच. त्या बॅच फाइलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ती पडली, आणि त्यांची बरीच गिऱ्हाइकं आमच्याकडे आली. मधली वर्षं बरी गेली. गाळा परत घेतला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा पावत्यांचे नमुने बदलले, डीएलएलला धक्काही लागला नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना सांगतो. सेटअपमधला ॲपआयडी, म्हणजे प्रोग्रामची ओळख, एकदा ठरला की बदलू नका, नाहीतर नवं व्हर्जन जुन्याच्या शेजारी दुसरा प्रोग्राम म्हणून बसतं. सेटअप आपल्या मशीनवर तपासू नका, तिथे सगळं आधीच असतं. कोरं व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा दुसरा संगणक) घ्या, आणि अनइन्स्टॉल करून मागे काय उरलं तेही बघा. सेटअपवर डिजिटल सही करताना टाइमस्टँप (सही कधी केली त्याची वेळ) लावाच, नाहीतर सर्टिफिकेटची मुदत संपली की जुन्या सेटअपची सहीही बाद. जून २०२३ पासून सहीची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते, तेव्हा ते टोकन कुणाकडे राहणार ते आधी ठरवा. आमच्याकडे ते कपाटात कुलपात असतं.

आता आमच्या लायसन्समध्ये स्पष्ट कलम आहे : डीएलएल आपल्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्येच ठेवायची, सिस्टमच्या फोल्डरमध्ये नाही. नमुना स्क्रिप्ट आम्ही फुकट देतो. कलम मान्य नसलेल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला मध्यंतरी नाही म्हटलं. आणि त्या जुन्या कंपनीकडचे लायसन्सचे पैसे अजून येणे आहेत. बिलं आमच्या फायलीत लावलेली आहेत.