रोनवरची पुढची नोंद: बोलेनच्या लॉकमध्ये नाव अखेर सरळ उभी राहिली

फ्रान्समधल्या रोन नदीवरचे बोलेनचे लॉक, म्हणजे पाणी सोडून नाव खालच्या पातळीवर उतरवणारे दरवाजांचे कुंड, आम्ही पार केले आणि आडव्या डोलकाठीची दोन्ही टोके शाबूत आहेत. लियोंपासून समुद्रापर्यंतच्या बारा मोठ्या लॉकांमध्ये हे सर्वांत खोल, जवळपास 23 मीटर उतरवणारे. त्याआधीच्या लोजी-नफ आणि शातोनफ-द्यु-रोन या लॉकांनी आमची जी दमछाक केली, त्यानंतर हे वाक्य लिहिताना फार समाधान वाटते आहे.

आधीच्या नोंदी वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच की ठेंगण्या पुलांखालून जाता यावे म्हणून रूआँला उतरवलेली डोलकाठी आम्ही डेकवर आडवी बांधून आणली आहे आणि ती नाळेपुढे (म्हणजे नावेच्या पुढच्या टोकापुढे) व पिछाडीमागे चांगली हातभर बाहेर डोकावते. मार्न आणि सोनच्या बाजूच्या अरुंद कालव्यांत याचा कधी उपद्रव झाला नाही, कारण तिथे भिंती दोन्हीकडून जवळ असतात आणि नावेला फिरायला जागाच मिळत नाही. रोनवरची लॉके मात्र सुमारे 195 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद आहेत. भिंतीतल्या उभ्या खाचांमध्ये पाण्याबरोबर खाली-वर सरकणारे तरते खुंटे असतात, पण दोन खुंट्यांमधले अंतर मालवाहू जहाजांच्या हिशेबाने ठेवलेले असल्यामुळे आमच्यासारख्या लहान नावेच्या वाट्याला एकच खुंटा येतो. सारी अडचण या एका खुंट्याची आहे.

त्यात मिस्त्राल सुटलेला. आम्ही दक्षिणेकडे उतरत असल्यामुळे हा उत्तरेचा वारा थेट पाठीवर येतो, आणि उतरणाऱ्या नावेसाठी लॉक सुरुवातीला काठोकाठ भरलेले असते, त्यामुळे भिंतीचा आडोसा मिळेपर्यंतचा वेळ सर्वांत कठीण जातो. लोजी-नफला आम्ही कालव्यांतल्या पद्धतीप्रमाणे नाळेचा दोर आधी टाकला. वाऱ्याने नाव पुढे रेटली, पिछाडी भिंतीपासून सुटून बाहेर झुकली आणि डोलकाठीचे पुढचे टोक काँक्रीटवर करकरत घासले. म्हणून शातोनफला पिछाडी आधी बांधली. वाऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच होते आणि थोडा वेळ नाव सुरेख उभी राहिली, पण मग खालच्या बंद दरवाजावरून उलटलेला एक झोत नाळेवर आला, नाळ बाहेर गेली आणि या खेपेस मागचे टोक भिंतीवर आदळून तिथला पितळी कोयंडा वाकला.

मिस्त्राल ओसरेपर्यंत विव्हियेच्या छोट्या बंदरात थांबलो, तेव्हा कागदावर रेघोट्या ओढताना उलगडा झाला. नाव ज्या टोकाला बांधावी, त्या टोकाभोवती ती फिरते. दुसरे टोक बाहेर गेले की बांधलेल्या टोकापलीकडे डोकावणारी डोलकाठी नेमकी भिंतीकडे वळते. म्हणजे नाळ आणि पिछाडी यांतले काहीही निवडले तरी फटका ठरलेला. दोर मध्यावरूनच जायला हवा आणि भिंतीला नाव एका बिंदूत नव्हे, तर लांबीवर टेकायला हवी.

दुसऱ्या गोष्टीसाठी परांचीची एक जुनी फळी मिळवली, तिच्या कडा गोल घासल्या, दोन्ही टोकांना भोके पाडली आणि ती दोन फेंडरांच्या (नावेची कड वाचवणाऱ्या फुगीर उशांच्या) बाहेरून आडवी टांगली. एरवी फेंडर खुंट्याच्या खाचेत घरंगळतो आणि नावेची कड काँक्रीटला लागते. फळी ती खाच ओलांडून दोन्ही बाजूंना टेकते. नौकासाहित्याच्या दुकानात यासाठी मिळणाऱ्या महागड्या चपट्या गाद्यांपेक्षा ही फळी मला कितीतरी पटींनी विश्वासार्ह वाटते.

बोलेनला येईपर्यंत वारा पुरता पडला नव्हता. दोंझेरची खिंड आणि रोबिनेचा झुलता पूल मागे टाकून आम्ही कालव्यात शिरलो आणि त्रिकास्तँच्या अणुभट्ट्यांवरून पुढे लॉककडे आलो. रोनच्या नियमाप्रमाणे लाइफजॅकेट चढवलेली होतीच. हिरवा दिवा मिळाल्यावर डावी भिंत धरली. मध्यावरच्या क्लीटवरून (दोर अडकवायच्या डेकवरच्या खुंटीवरून) दोर मागे नेऊन तरत्या खुंट्याभोवती घेतला आणि मोकळे टोक परत क्लीटवर एक वेढा देऊन हातात ठेवले. मग इंजिन अगदी मंद पुढे ठेवून सुकाणू उजवीकडे वळवले. दोर नावेला पुढे जाऊ देत नाही, सुकाणू पिछाडीला भिंतीकडे दाबते आणि फळी दोन्ही टोकांनी चिकटून राहते. पाणी उतरू लागले, खुंटा आपल्या खाचेत कण्हत खाली सरकू लागला आणि नाव हललीसुद्धा नाही. मोकळे टोक हातात ठेवण्याचा आग्रह मात्र मी सोडणार नाही: खुंटा कधी खाचेत अडकला तर पाणी खाली जात राहते आणि घट्ट बांधलेली नाव दोराला लटकते. सुरीही हाताशी असावी.

दोराबद्दलही मत पक्के झाले आहे. तीन पेडी नायलॉन नांगरासाठी उत्तम, पण इथे त्याचा ताण-लवचिकपणा नावेला पुढे-मागे सरकू देतो. विणलेला पॉलिएस्टर दोर, 14 मिलिमीटरचा, वेढ्यावर सहज सरकतो आणि लांबत नाही. हे लिहिता लिहिता सुचते आहे की मध्यावरचा दोर एका कप्पीतून मागच्या विंचवर (दोर ओढायच्या चक्रीवर) आणला, तर सुकाणू आणि दोर दोन्ही एकाच माणसाला सांभाळता येतील आणि दुसरा फळीपाशी मोकळा राहील. पुढच्या, कादरूसच्या लॉकला तसेच करून पाहणार आहे.

रोनच्या मुखाजवळच्या पोर-सें-लुईला जाऊन डोलकाठी उभी करण्याचा बेतही आता मागे पडतो आहे. नाव अशी वश झाली असेल तर डोलकाठी आडवी असतानाच आर्लच्या थोडे वर, फूर्कपाशी, धाकट्या रोनमध्ये वळावे, सें-झीलच्या लॉकमधून रोन-सेत कालव्यात उतरावे आणि एग-मोर्तवरून सेतला जावे. फ्रोंतिन्याँचा उचलता पूल ठरावीक वेळांनाच उघडतो, पण त्याआधीचे ठेंगणे पूल आडव्या डोलकाठीनेच पार होतात. सें-झीलच्या लॉकमध्ये नाव उभी असताना डोलकाठीच्या बाहेर डोकावणाऱ्या टोकांना कोणी काय बांधले होते, ते सांगावे. वाकलेला कोयंडा काढून तिथे जाड रबर बसवण्याचे काम मी आज संध्याकाळी सुरू करतो आहे.