टोपणातलं भोक

शिनाण्यांचं (शिंपल्यांचाच एक प्रकार) सॅम्पल होतं, त्यातलं विष, ओकाडाइक ॲसिड, किलोला १३१ मायक्रोग्रॅम आलं. युरोपची मर्यादा १६०, म्हणजे पास. एक्सपोर्टरचा सकाळपासून तिसरा फोन, "मॅडम, रिपोर्ट जालो?" सही करायला पेन काढलं आणि नजर क्यूसीच्या, म्हणजे आमची स्वतःची तपासणी बरोबर आहे का ते सांगणाऱ्या, ओळीवर अडकली.

लोकांना वाटतं मशीन विष ओळखतं. मशीनला फक्त पीक दिसतं (शेतातलं नव्हे, ग्राफवरचं), ते किती हे ठरवायला नेमक्या माहीत ताकदीचं द्रावण लागतं. ते येतं कॅनडातून, हॅलिफॅक्सच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलकडून, छोट्याशा काचेच्या ॲम्प्यूलमध्ये, जेमतेम अर्धा मिलिलिटर, आणि किमतीमुळे उरलेला थेंब फेकायला कोणाचाच हात होत नाही. शिवाय विष किती आहे ते आधीच ठरवलेलं शिंपल्यांचं मांसही दर बॅचला सॅम्पलसारखंच चालवतो. मेथॅनॉलमध्ये काढायचं, सोडियम हायड्रॉक्साइड घालून ७६ डिग्रीला ४० मिनिटं. ४० म्हणजे ४०, चहाला गेलात की बॅच गेली, नव्या पोरांना शंभरदा सांगून झालंय.

तर त्या मांसाची रिकव्हरी ७७ टक्के, म्हणजे त्यात विष १०० आहे हे माहीत असताना आम्हाला ७७ च सापडलं. आमची मर्यादा ७० ते १२०, म्हणजे तीही पास, आणि सर तेच म्हणाले, "बसतंय ना मर्यादेत, मग?" पण हे मांस आमच्याकडे नेहमी ९५ च्या आसपास येतं. असली रुंद मर्यादा ठरवणाऱ्याने कधी स्वतः पिपेट धरलं असेल असं मला वाटत नाही.

फ्रीझरमधून स्टँडर्डची, म्हणजे त्या माहीत ताकदीच्या द्रावणाची, वायल (छोटी बाटली) काढली, उजेडात धरली. टोपणाच्या सेप्टमला (मधल्या पातळ पडद्याला) भोक! म्हणजे एकदा मशीनवर सुई आत गेलेली, टोपण न बदलता वायल परत ठेवलेली. मेथॅनॉल हळूहळू उडणार, विष आतच राहणार, द्रावण घट्ट होणार, आणि आपण लेबलावरचीच ताकद धरून हिशोब केला की प्रत्येक सॅम्पल आहे त्यापेक्षा कमी दिसणार. ठेवताना वजन लिहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. लिहिलं नव्हतं. लेबलावरचं अक्षर माझं.

नवी ॲम्प्यूल फोडली, तीच सॅम्पलं परत चालवली. मांस ९८ टक्के, शिनाणे १६७. हे विष शिजवूनही जात नाही, नुसती हगवण लागते म्हणतात, पण ती सहन करणाऱ्याला विचारा. सर गप्प. एक्सपोर्टर चिडला, लॅब बदलतो म्हणाला. बदल बाबा.

मला झोप येत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. त्याच वायलवर आधीच्या दोन बॅचेस गेल्यात, त्यांचं मांस ८४ आणि ८१ आलं होतं, आम्ही टिकमार्क केलं होतं. त्यातल्या एका सॅम्पलचा आकडा १४० होता. आता ते परत तपासायचं म्हटलं तर राखून ठेवलेला माल गेल्याच आठवड्यात नियमाप्रमाणे फेकलाय, रजिस्टरवर सही पण माझीच.