आईची पिशवी आणि पीयूसी

आमची मारुती ८०० ही १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली. परवा पीयूसीला नेली तर कार्बन मोनॉक्साइड ५.८ टक्के, हायड्रोकार्बन २१०० पीपीएम. या वयाच्या पेट्रोल गाडीला ३ टक्के आणि १५०० पर्यंत चालतं, तरी नापास! सायलेन्सरात नळी घालणारा पोरगा हळूच म्हणाला, "स्क्रू आवळून आणा, होईल पास."

हा उद्योग मी दोनदा करून चुकलोय. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा तो स्क्रू आवळला की आयडलचं (गाडी उभी, इंजिन चालू असतानाचं) पेट्रोल कमी होतं, आकडा उतरतो. मग चढावर गाडी खोकायला लागते आणि आपणच तो परत सैल करतो.

गोव्यात फोंड्याच्या आमच्या मेस्ताने (मेकॅनिकने) स्क्रूला हातच लावला नाही. "पयलीं प्लग काड." ठिणगी पाडणारे तिन्ही प्लग त्याने जुन्या पेपरावर ओळीने मांडले. दोघांवर कोरडी काजळी, बोटाला लागणारी. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. (काजळी तेलकट असती तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या, आणि त्यांच्याबरोबर माझा पगार.) मधला मात्र ओला, पेट्रोलचा वास मारणारा.

एअर फिल्टर उसगावच्या रस्त्याच्या लाल धुळीने भरलेला होताच. पण तो काढल्यावर खरी गंमत दिसली: चोकचं बटण पूर्ण आत, म्हणजे हवेची वाट पूर्ण उघडी हवी, तरी कार्ब्युरेटरच्या तोंडावरची झडप अर्धी मिटलेली! केबल वाकून अडकलेली. वाकली कशी? आई गेली कित्येक वर्षं बाजाराची पिशवी त्या बटणाला अडकवते. नारळ, सुरणासकट.

मधल्या प्लगचं कोडं उरलं होतं. मेस्ताने शटर ओढलं, लाइट बंद केला, इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. मधल्या वायरीवरून निळी ठिणगी सरसर इंजिनाच्या अंगावर उतरली. वायरीला चीर. प्लगपर्यंत करंट पोचत नाही, पेट्रोल न जळताच बाहेर. हायड्रोकार्बनचा आकडा तिथून येत होता; आम्ही मात्र गाडीचं खोकणं पावसाळी सर्दी म्हणून सोडून देत होतो.

केबल, वायरींचा सेट, फिल्टर, प्लग नवे. स्क्रू सगळ्यात शेवटी, जेमतेम पाव फेरा.

इंजिन चांगलं तापावं म्हणून बोरी पुलापर्यंत जाऊन आलो, मग थेट पीयूसीला. १.३ टक्के, ४२०.

मेस्ताने डॅशबोर्डखाली एक हूकही मारून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. आईला तो फार खाली वाटतो.