गुर्मे म्हणे!

मुंबईत हल्ली सगळंच गुर्मे झालंय. पॉपकॉर्न गुर्मे, मोदक गुर्मे, यावेळी सुट्टीला आले तर लोअर परळला मेन्यूकार्डावर चक्क गुर्मे मिसळ, किंमत बघून मी मुकाट चहा मागवला. फ्रान्समध्ये राहते म्हटल्यावर भावंडं मागेच लागली, सांग गं काय असतं ते. तर घ्या.

आज गुर्मे म्हणजे चोखंदळ खवय्या वगैरे, पण मूळ गुर्मेचा जेवणाशी फारसा संबंधच नव्हता. जुन्या फ्रेंचमध्ये ग्रोमे म्हणजे पोऱ्या, नोकर, मग वाइनच्या व्यापाऱ्याकडचा माणूस आणि त्यातूनच पुढे वाइन चाखून माल कसाय ते सांगणारा. पॅरिसात तर अशा चाखणाऱ्या दलालांचा रीतसर धंदा होता, म्हणजे पिंप एकाचं, पैसे दुसऱ्याचे, ह्याची नुसती जीभ!

खाण्याचा अर्थ चिकटला तो गुर्मां ह्या शब्दाच्या संगतीने, आणि गुर्मां म्हणजे आपला खादाड. पण ती काही शिवी नाही हं. 1803 ला ग्रिमो द ला रेनिएरने खवय्यांसाठी वार्षिक काढलं त्याच्या नावातच गुर्मां होतं, आणि इथे लिऑनला ऑफिसात मी दुसऱ्यांदा टार्ट वाढून घेतला की सगळ्या कौतुकाने 'गुर्मांद!' म्हणतात. गंमत म्हणजे चर्चच्या सात महापापांच्या फ्रेंच यादीत हाच खादाडपणा, गुर्मांदीज, बसलेला आहे. पाप तर पाप, टार्ट सोडत नाही कोणी.

आणि तो प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस, ज्याच्या नावावरून इंग्रजीत खवय्याला एपिक्युअर म्हणतात, तो बिचारा पाव-पाण्यावर राहायचा, मित्राला पत्रात लिहितो की थोडं चीज पाठव म्हणजे मनात येईल तेव्हा चैन करेन. घ्या, हे खवय्ये!

मला विचाराल तर जुन्या अर्थाने गुर्मे म्हणजे आमची आत्या. माहीमच्या सिटीलाइट मार्केटात ती पापलेटाचा कल्ला उचलून बघते, तिथेच अंगठ्याने दाबते, पांढरं पाणी आलं तर भावाचं बोलायचं, लालसर आलं की कोळीण कितीही 'ताजा हाय गो' म्हणू दे, आत्या पुढच्या पाटीवर. शेजारच्या दोघीतिघी तर स्वतःचं मासळी घ्यायला तिलाच सोबत नेतात, पैसे त्यांचे, पारख हिची.

तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "त्या माणसाला पगार मिळायचा ना? मग सांग की शेजारणींना."